समुद्राच्या तळाशीं टपालपेटी

टपालपेटी ही शहरांत राहणाऱ्या माणसाच्या इतक्या नित्य परिचयाची वस्तु आहे कीं, तिच्याकडे मुद्दाम लक्ष देऊन पाहण्याचा प्रसंग क्वचितच येतो. नाक्यावरची ती तांबडी पेटी उन्हाला भीत नाहीं, धुळीलाही भीत नाहीं. तिला भय असतें तें एका पाण्याचें. पत्र टाकण्याच्या फटीवर पुढें आलेली पट्टी असते ती पावसासाठीं, आणि पावसाळ्यांत पोस्टमन आपल्या पिशवीवर मेणकापड घालतो तेंही त्याच भयानें. याचें कारण उघड आहे. टपालाचा सारा संसार कागद, शाई आणि डिंक या तीन पदार्थांवर उभारलेला असून या तिघांचेंही पाण्याशीं हाडवैर आहे. असें असतां पृथ्वीच्या पाठीवर कांहीं ठिकाणीं टपालपेटी समुद्राच्या तळाशीं नेऊन ठेवलेली आहे, आणि माणसें बुडी मारून तिच्यांत पोस्टकार्ड टाकतात, ही हकीकत प्रथम ऐकणारास थट्टाच वाटते.

परंतु ती थट्टा नाहीं. जपानच्या दक्षिण किनाऱ्यावरील सुसामी या गांवाजवळ १९९९ सालीं अशी पेटी बसविण्यांत आली. प्रशांत महासागरांतील वानुआतु या द्वीपराष्ट्रानें २००३ सालीं नुसती पेटीच नव्हे, तर पाण्याखालीं एक छोटेखानी टपालकचेरीच उघडली. अशा ठिकाणीं टाकलेलें कार्ड इतर कोणत्याही कार्डाप्रमाणें टपालखात्याच्या हातीं जातें व परदेशांतील पत्त्यावर रवाना होतें. ही केवळ हौस आहे, कीं टपाल या संस्थेविषयीं तिच्यांतून कांहीं शिकण्यासारखें आहे, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे. आणि त्यासाठीं समुद्राचा व टपालाचा जुना संबंध प्रथम पाहिला पाहिजे.

हा संबंध पुष्कळ काळ अडथळ्याचाच होता. टोंगा राज्याच्या उत्तर टोंकास निउआफोऊ नांवाचें ज्वालामुखीपासून बनलेलें एक बेट आहे. त्याला बंदर नाहीं. किनारा म्हणजे लाव्हारसाचे काळे, उभे कडे. जहाज तेथें जवळ येऊन नांगर टाकूं शकत नसे. १८८२ सालीं त्या बेटावर राहणाऱ्या एका मळेवाल्यानें युक्ति सुचविली, ती अशी : पत्रें बिस्किटांच्या डब्यांत घालावीं, डबे झाळून बंद करावे, जहाजानें ते जातां जातां समुद्रांत सोडावे, आणि बेटावरील पट्टीच्या पोहणाऱ्यांनीं ते ओढून किनाऱ्यास आणावे. या रीतीवरून त्या बेटाला ‘पत्र्याच्या डब्यांचें बेट’ असें नांव पडलें. १९३० च्या ऑक्टोबरांत खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठीं शास्त्रज्ञ तेथें उतरले, आणि त्यांच्याबरोबर या विलक्षण टपालाची कीर्ति तिकिटें जमविणाऱ्या मंडळींत जगभर पसरली. परंतु पुढच्याच वर्षीं, १९३१ सालीं, टपाल आणणारा एक पोहणारा शार्क माशाच्या तोंडीं सांपडला व मरण पावला. तेव्हांपासून पोहून टपाल नेण्यास बंदी झाली आणि त्या कामीं होड्या वापरण्यांत येऊं लागल्या. १९४६ च्या उद्रेकानंतर बेट रिकामें करावें लागलें. १९५८ मध्यें रहिवासी परतले. आणि १९८३ सालीं विमानांसाठीं धांवपट्टी तयार झाली तेव्हां डब्यांचें टपाल संपलें.

या हकीकतीचा मथितार्थ ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. एकाचें पत्र दुसऱ्याच्या हातीं देण्याचें वचन म्हणजे टपाल. तिकीट ही त्या वचनाची घेतलेली किंमत आणि शिक्का ही त्या वचनाची पोंच. बाकीच्या सर्व वस्तु, म्हणजे कागद, डबा, पिशवी, जहाज हीं साधनें होत, आणि साधनें बदलतां येतात. निउआफोऊच्या लोकांनीं पिशवीच्या जागीं डबा घेतला व रस्त्याच्या जागीं समुद्र घेतला. वचन मात्र तेंच राहिलें.

समुद्र हा केवळ वाटेंतील अडथळा न मानतां त्याच्या तळालाच टपालाचें ठिकाण करण्याची कल्पना अमलांत आली ती बहामा बेटांत, १९३९ सालीं. तिचा उत्पादक जॉन अर्नेस्ट विल्यमसन हा अमेरिकन गृहस्थ होता. त्याचे वडील जहाजाचे कप्तान असून त्यांनीं पाण्याखालीं काम करण्यासाठीं एकांत एक गुंतविलेल्या लोखंडी कड्यांची, लवचिक व पोकळ अशी एक जाड नळी तयार केली होती. नळीचें वरचें तोंड तराफ्यावर उघडें राही. तिच्या खालच्या टोंकास मुलानें पोलादी गोल खोली जोडली आणि तिला जाड कांचेची मोठी खिडकी बसविली. वरची हवा नळींतून सरळ खालीं येत असल्यामुळें आंतील माणसास अंगावरच्या नेहमींच्या कपड्यांनिशीं, कोणत्याही श्वासयंत्रावांचून, समुद्राचा तळ न्याहाळतां येई. १९१६ सालीं ज्यूल व्हर्न याच्या सुप्रसिद्ध सागरी कादंबरीवर जो मूकपट निघाला, त्यांतील पाण्याखालचीं दृश्यें याच साधनानें बहामाच्या समुद्रांत टिपलेलीं होतीं. या खोलींत टपालकचेरी थाटण्यांत आली आणि पत्रांवर ‘समुद्रतळ, बहामा’ अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का पडूं लागला.

तथापि नीट पाहिलें तर ही कचेरी समुद्रांत असूनही कोरडीच होती. विल्यमसननें समुद्राच्या पोटांत हवेचा एक बुडबुडा नेऊन ठेवला होता, आणि त्या बुडबुड्यांत कागद, शाई व डिंक सुखरूप होते. खऱ्या पाण्यांत, भिजत, टपाल कसें चालवावें हा प्रश्न त्यानें सोडविला नव्हता, टाळला होता. तो सोडविण्याची पाळी येण्यापूर्वीं सामान्य माणसाला समुद्रांत मोकळेपणानें वावरतां येणें अवश्य होतें.

ती सोय १९४३ सालीं झाली. फ्रान्समध्यें जाक कूस्तो हा नाविक अधिकारी आणि एमील गान्यां हा इंजिनीयर या दोघांनीं एक श्वासयंत्र सिद्ध केलें. पाण्यांत खालीं जावें तसतसा दाब वाढतो. दर दहा मीटरांना तो सुमारें एका वातावरणाइतका चढतो, म्हणजे दहा मीटर खोलीवर तो भूपृष्ठावरील दाबाच्या दुप्पट होतो. अशा दाबाखालीं छाती फुगवून वरची हवा नळीनें ओढून घेणें माणसाच्या शक्तीबाहेरचें आहे. या नव्या यंत्रांतील झडप पाठीवरच्या नळकांड्यांतील दाबलेली हवा, भोंवतालच्या पाण्याचा दाब जेवढा असेल नेमक्या तेवढ्याच दाबानें, आणि श्वास घेतला जाईल तेव्हांच तोंडांत सोडते. या एका झडपेनें समुद्राचें दार उघडलें. जें काम पूर्वीं मोत्यांच्या धंद्यांतील पाणबुड्यांचें किंवा आरमारांतील शिपायांचें होतें, तें पुढें सुटीवर गेलेल्या माणसाचा छंद होऊन बसलें. आणि जेथें माणसें जाऊं लागतात तेथें त्यांच्या मागोमाग टपालपेटी जाते.

सुसामी हें जपानच्या वाकायामा प्रांतांतील किनाऱ्यावरचें मासेमारीचें गांव आहे. १९९९ सालीं त्या भागांतील कुमानोच्या प्राचीन यात्रामार्गांची ओळख करून देण्यासाठीं एक मोठें प्रदर्शन भरलें होतें. त्या निमित्तानें, गांवाकडे लोकांचें लक्ष वेधावें म्हणून, पाण्याखालीं टपालपेटी ठेवण्याची कल्पना गांवच्या पोस्टमास्तरांना सुचली. पेटी जुन्या घाटाची, गोल खांबासारखी, तांबडी. ती दहा मीटर खोलीवर उभी करण्यांत आली, आणि २००२ सालीं जगांतील सर्वांत खोल टपालपेटी म्हणून गिनेसच्या विक्रमग्रंथांत तिची नोंद झाली. गांवांतील पाणबुड्यांच्या दुकानांत पाण्यानें न भिजणारें कार्ड मिळे. त्यावर तेलकट शाईच्या लेखणीनें मजकूर लिहावा, बुडी मारून कार्ड पेटींत टाकावें, आणि मग दुकानांतील माणसानें तीं कार्डें काढून वर आणून गांवच्या टपालकचेरींत पोंचतीं करावीं, अशी ही व्यवस्था.

येथें टपालाच्या प्रत्येक अंगाला पाण्याशीं तडजोड करावी लागली आहे, आणि ती कशी केली हें पाहणें मोठें बोधप्रद आहे. कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंची जाळी. हे तंतु परस्परांना ज्या बंधांनीं धरून असतात ते पाणी शिरतांच सैल पडतात. म्हणून भिजलेलें पत्र हातांत घेतांच फाटतें. यास्तव कार्ड करावयाचें तें प्लास्टिकच्या जातीच्या कृत्रिम कागदाचें. साधी शाई पाण्यांत विरघळणारी; म्हणून ती तेलांत कालविलेली हवी. डिंक तर ओला होण्यासाठींच बनविलेला. म्हणून तिकीट चिकटविण्याची नेहमींची रीति येथें निरुपयोगी. पेटी पाण्यापासून बंद ठेवावी म्हटलें तर भोंवतालचा दाब तिला चेपूं पाहणार; म्हणून ती उघडीच ठेवून समुद्राला आंतबाहेर मोकळें खेळूं देणें हेंच शहाणपणाचें. शिवाय एक गंमत अशी कीं, अशा कृत्रिम कागदांपैकीं कांहीं जाती पाण्याहून हलक्या असतात. जमिनीवर हातांतून सुटलेलें पत्र खालीं पडतें. तेथें सुटलेलें कार्ड वर जातें.

रंगाची गोष्ट तर याहूनही नवलाची. टपालपेटी तांबडी रंगवितात ती दुरून दिसावी म्हणून. परंतु सूर्यप्रकाशांतील तांबडे किरण पाणी सर्वांच्या आधीं शोषून घेतें. दहा मीटर खालीं ते फारसे उरत नाहींत, आणि वर लालभडक दिसणारी पेटी तेथें मळकट तपकिरी भासते. बुडी मारणारानें विजेरीचा झोत टाकावा, तेव्हां तिचें खरें रूप क्षणभर प्रकट होतें. त्यांतच खारें पाणी लोखंडाला गंज चढवितें, आणि शैवाल व शिंपले तिच्या अंगावर घर करूं लागतात. म्हणून सुसामीची पेटी ठराविक काळानें वर काढून खरवडावी लागते व नव्यानें रंगवावी लागते. तोंवर तिच्या जागीं दुसरी पेटी उभी असते. रंग दिसत नसला तरी तो देण्याचें काम चुकत नाहीं.

वानुआतुनें याच्याही पुढचें पाऊल टाकलें. सुमारें ऐंशी बेटांचें हें राष्ट्र १९८० सालीं स्वतंत्र झालें. तत्पूर्वीं त्याचें नांव न्यू हेब्रिडीज असें होतें, आणि १९०६ पासून तेथें ब्रिटिश व फ्रेंच यांचा जोडकारभार चाले. एकाच प्रदेशांत दोन कायदे, दोन पोलीस आणि दोन भाषांतलीं निराळीं टपालतिकिटें, असा तो प्रकार होता. राजधानी पोर्ट व्हिलाजवळ मेले उपसागरांत हाइडअवे नांवाचें एक चिमुकलें बेट आहे. त्याच्या भोंवतीं प्रवाळांचे खडक असून तो भाग राखीव ठेवलेला आहे. तेथें मे २००३ मध्यें, किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, सुमारें तीन मीटर खोलीवर ही टपालकचेरी उघडण्यांत आली. खोली इतकी बेताची कीं, श्वासयंत्र नसलेल्या पण दम धरूं शकणाऱ्या पोहणारासही तेथवर जातां यावें. टपालखात्यानें आपल्या कांहीं नोकरांना बुडी मारण्याचें शिक्षण दिलें. कारकून आंत हजर असला म्हणजे वर पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेवर निशाण चढवावयाचें, अशी योजना होती. जमिनीवर कचेरीच्या वेळांची पाटी असते; येथें तिचें काम निशाणानें करावयाचें.

अडचण राहिली ती शिक्क्याची. शाईचा शिक्का पाण्यांत उमटावयाचा नाहीं, आणि शिक्क्यावांचून टपाल हें टपालच नव्हे. यावर काढलेली तोड अत्यंत साधी आहे. कार्ड दोन साच्यांमध्यें धरून दाबावयाचें, म्हणजे गांवाचें व कचेरीचें नांव उठावदार अक्षरांनीं त्यावर उमटतें. शाई नाहीं, म्हणून ओघळण्याचा प्रश्न नाहीं. महत्त्वाचे दस्तऐवज अशा उठावदार मोहरेनें मुद्रांकित करण्याची पद्धति जुनीच. ती येथें समुद्राच्या तळाशीं उपयोगी पडली. याच राष्ट्रानें टान्ना बेटावरील यासुर या धुमसत्या ज्वालामुखीच्या कांठावरही टपालपेटी बसविली आहे. पाणी आणि अग्नि या दोहोंच्या दाराशीं टपालाची पाटी लावण्याचें धाडस एका लहानशा देशानें केलें, हें कौतुकास्पदच म्हटलें पाहिजे.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, हा सारा प्रवाशांना भुलविण्याचा खेळ आहे. आक्षेपांत तथ्यांश आहे, हें नाकारण्याचें कारण नाहीं. लहान द्वीपराष्ट्रांना तिकिटांच्या विक्रीचें व प्रवाशांच्या येण्याजाण्याचें उत्पन्न मोलाचें असतें, आणि सुसामीच्या पोस्टमास्तरांच्या मनांतही गांवाची भरभराट होतीच. परंतु खेळ आणि टपाल यांतील फरक एका गोष्टीनें ठरतो : कार्ड पोंचतें कीं नाहीं. १८७४ सालीं बर्न येथें झालेल्या करारानें जो जागतिक टपालसंघ जन्मास आला, त्याचें मूलतत्त्व असें कीं, एका देशानें रीतसर हांशील घेऊन स्वीकारलेलें पत्र दुसऱ्या देशानें आपलें मानून पोंचवावें. भारत १८७६ सालीं या संघांत सामील झाला. त्यामुळें मेले उपसागरांत पाण्याखालीं दाबलेला शिक्का भारतांतल्या एखाद्या खेडेगांवच्या पोस्टमनलाही मान्य करावा लागतो. पाणबुड्या कारकुनापासून त्या पोस्टमनपर्यंतची सांखळी एके ठिकाणीं जरी तुटली, तरी तो खेळ ठरेल. ती तुटत नाहीं, म्हणून तें टपाल आहे.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानांत येत नाहीं. पाण्याखालीं माणसाला बोलतां येत नाहीं. पाणबुडे परस्परांशीं हाताच्या खुणांनीं व्यवहार करतात, आणि खुणांनीं भागेनासें झालें म्हणजे लहानशा पाटीवर शिसपेन्सिलीनें लिहितात. बोलणें ज्या ठिकाणीं संपतें आणि लिहिणें तेवढें शिल्लक राहतें, अशा ठिकाणीं टपालपेटी असणें हें वाटतें तितकें विसंगत नाहीं. कार्डावर मजकूर तो किती मावणार? पोस्टकार्ड हें मुळांतच काटकसरीचें अपत्य आहे. १ ऑक्टोबर १८६९ रोजीं ऑस्ट्रियानें तें प्रथम काढलें, आणि भारतांत तें १८७९ च्या जुलैंत पाव आण्याला मिळूं लागलें, तें थोडक्यांत खुशाली कळविण्यासाठींच. ‘पोंचलों, बरा आहें, तुमची आठवण झाली,’ एवढें लिहावयास पाव आण्याचें कार्ड पुरत असे. समुद्राखालून लिहिणाराही याहून अधिक कांहीं लिहीत नसेल.

आज या दोन्ही गोष्टींवर, म्हणजे पत्रावरही आणि समुद्रावरही, कठीण काळ आलेला आहे. पत्रें लिहिणें सर्वत्र ओसरत चाललें आहे. डेन्मार्कच्या टपालसंस्थेनें २०२५ हें पत्रवाटपाचें शेवटचें वर्ष ठरविलें, आणि रस्त्यांवरच्या तांबड्या पेट्या काढून नेण्यास त्याच वर्षीं आरंभ झाला. कोरड्या, सोयीच्या, हाताशीं असलेल्या पेट्या निघून जात असतां, जेथें पोंचण्यास दम धरावा लागतो त्या पेटीकडे माणसें हौसेनें जातात, यांत विरोध दिसतो खरा. पण सोय आणि किंमत या निराळ्या वस्तु आहेत. जें क्षणांत व फुकट पाठवितां येतें त्यांत निरोप पोंचतो. पाठविणारानें त्यासाठीं काय सोसलें हें त्यांत कळत नाहीं. उठावदार शिक्क्याचें कार्ड हातीं आलें म्हणजे घेणारास बोटांनीं चांचपूनही समजतें कीं, पाठविणारा खरोखर तेथवर गेला होता आणि तेथें त्याला आपली आठवण झाली होती.

समुद्राची स्थिति याहून गंभीर आहे. प्रवाळ हे सूक्ष्म, जिवंत प्राणी असून त्यांच्या शरीरांत राहणारें शैवाल त्यांना अन्न व रंग देतें. पाणी नेहमींच्या उन्हाळ्याहून अंशभर जरी अधिक तापून कांहीं आठवडे तसेंच राहिलें, तरी प्रवाळ हें शैवाल बाहेर टाकतात व पांढरे पडतात. उष्णता ओसरली नाहीं तर ते मरतात. १९९८ सालीं ही आपत्ति प्रथमच जगभर दिसून आली, आणि २०२४ च्या एप्रिलांत शास्त्रज्ञांनीं ती चौथ्यांदा आल्याचें जाहीर केलें. वानुआतुला तर वादळांचाही तडाखा बसतो. १९१५ नव्हे, अगदीं अलीकडे २०१५ च्या मार्चमधील पॅम चक्रीवादळानें त्या देशाची दाणादाण उडविली. या राष्ट्रानें यावर नुसता शोक केला नाहीं. हवामानाविषयीं राष्ट्रांचीं कर्तव्यें कोणतीं, हें आंतरराष्ट्रीय न्यायालयानें सांगावें, असा ठराव त्यानें पुढाकार घेऊन २९ मार्च २०२३ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेंत संमत करून घेतला. आणि २३ जुलै २०२५ रोजीं न्यायालयानें आपलें मत दिलें कीं, हवामानाचें रक्षण करणें हें राष्ट्रांवर कायद्यानेंच बंधनकारक आहे. सहा खंडांतील बलाढ्य देशांना अशा रीतीनें जाब विचारणारें हें राष्ट्र म्हणजे तेंच, ज्याचा कारकून पाण्याखालीं बसून पोस्टकार्डांवर मोहर उमटवी.

या दृष्टीनें पाहतां त्या कार्डाला एक निराळाच अर्थ येतो. शिक्का हा मुळांत साक्षीदार असतो. हें पत्र अमुक ठिकाणाहून, अमुक दिवशीं निघालें, एवढीच साक्ष तो देतो. बहामाचा तो समुद्रतळाचा शिक्का आज तिकिटें जमविणाऱ्यांच्या संग्रहांत आहे. निउआफोऊचे डबे गेले, पण त्यांच्या खुणा असलेले लिफाफे शिल्लक आहेत. मेले उपसागरांतून निघालेलें कार्डही असेंच कोठेंतरी, एखाद्या घराच्या कपाटांत, पुस्तकाच्या पानांमध्यें राहील. पन्नास वर्षांनीं कोणी तें काढून पाहील तेव्हां त्या प्रवाळांचे रंग शाबूत असतील, तर तें एका सहलीची आठवण ठरेल. नसतील, तर तें एका हरवलेल्या जागेचा पुरावा होईल. या दोहोंपैकीं काय घडावें हें टपालखात्याच्या हातीं नाहीं. तें कार्ड ज्यांच्या ज्यांच्या घरीं पोंचतें, त्या सर्वांच्या हातीं तें थोडें थोडें आहे.